एकाच शिवारात मुरूम, काळी आणि चोपण: खडक एक, जमिनी तीन का?

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: डोंगराच्या पायथ्यापासून ओढ्यापर्यंत उतरत जाणारी जमीन आहे. वर मुरमाड माळ, मधे हातभर मध्यम काळी, खाली भारी काळी आणि अगदी ओढ्याकाठी चोपण (सोडियममुळे छिद्रं बुजलेली, पाणी न मुरणारी जमीन). सगळा डोंगर तर एकाच काळ्या खडकाचा, मग असं का? डाळिंब कुठे लावावं, माळावर गाळ टाकावा का, आणि विहीर अजून खोल न्यावी का?

आधी खडकाबद्दल. बेसॉल्ट हे नाव एक असलं तरी तुमच्या डोंगरात लाव्ह्याचे कितीतरी प्रवाह एकावर एक बसलेले आहेत, आणि प्रत्येक प्रवाहाचा टणक भाग वेगळा, पोकळ भाग वेगळा. पायाखाली प्रवाहाचा कुठला भाग आलाय, आपण उताराच्या कुठल्या टप्प्यावर उभे आहोत आणि पाऊस किती पडतो, या तिन्हींवर जमीन ठरते. जिल्ह्याचा मृदा नकाशा तुमच्या कामाला फारसा येणार नाही, कारण तुमच्याकडे दोनशे-तीनशे मीटरच्या अंतरात जमीन तीनदा बदलते.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा वर येऊन पसरत गेला. आज त्यातला जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरचा भाग उरलाय आणि महाराष्ट्राचा साधारण चार-पंचमांश भाग त्याच्याखाली झाकलेला आहे. सह्याद्रीत हे थर मिळून दीड-दोन किलोमीटर जाड आहेत; नागपूरच्या बाजूला जाताना ते पातळ होत संपतात. थर जवळजवळ आडवे आहेत, आणि पुढचं सगळं कळायला ही गोष्ट महत्त्वाची आहे.

एक प्रवाह आतून कसा असतो ते बघायला जुन्या, न बांधलेल्या विहिरीची कड सगळ्यात चांगली. प्रवाहाचा मधला भाग सावकाश थंड झाला, म्हणून तो भरीव, गडद करडा आणि घणाला दाद न देणारा: हा काळा पाषाण. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि नंतर मुरणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी भरली. विहिरी खोदणारे याला मांजऱ्या म्हणतात. जांभळट करडा रंग, अंगभर पांढरे ठिपके, टिकावाने खणता येतो. पुढचा प्रवाह येईपर्यंत जो पृष्ठभाग उघडा राहिला तो कुजला आणि नंतर वरच्या लाव्ह्याने भाजला. त्याचा गेरूसारखा लाल, चिकण थर झाला. हा थर कुठे चार बोटं, कुठे एक-दोन मीटर असतो. विहिरीत तो दिसला की तिथे एक प्रवाह संपून दुसरा सुरू झाला असं समजा.

आता डोंगर बघा. पाषाण झिजण्यापेक्षा उभ्या सांध्यांवरून तुटतो, म्हणून तिथे कडा तयार होतो. मांजऱ्या कुजतो आणि मागे सरकतो, म्हणून त्याच्या जागी सपाट टप्पा. किल्ल्यांच्या माच्या अशाच टप्प्यांवर आहेत आणि गडांवरची पाण्याची बरीच टाकी दोन प्रवाहांच्या सांध्याजवळ कोरलेली आढळतात, कारण पाझर तिथेच फुटतो. मार्च-एप्रिलमध्ये लांबून डोंगराकडे पाहिलं की एका पातळीत हिरव्या झुडपांची आडवी रेघ दिसते. तो सांधा. विहिरीची जागा ठरवताना ही रेघ बऱ्याच यंत्रांपेक्षा भरवशाची असते.

खडकापासून माती होण्याची सुरुवात सांध्यांतून होते. पाणी चौकोनी ठोकळ्याच्या कडा-कोपऱ्यांना आधी कुजवतं, ठोकळा गोल होत जातो आणि त्याचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात. मधे टणक गोटा राहतो, भोवती तपकिरी-पिवळा भुगा. हाच मुरूम. चांगला मुरूम नखाने कुरतडता येतो आणि मूठभर घेऊन पाण्यात टाकला तर पाणी पितो. मुरूम म्हणून विकली जाणारी निळसर खडी वेगळी. तिच्यात मूळ चालत नाही.

या भुग्यातून मग चिकणमाती बनते. बेसॉल्टमध्ये चुना, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर, वाळूचे कण देणारं क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच. म्हणून त्याची माती शेवटी बारीकच होणार. पण चिकणमाती कुठल्या जातीची, हे पाऊस ठरवतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे चुना, मॅग्नेशियम, सोडियम आणि बरीचशी सिलिकाही धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि माथ्यावर जांभा तयार झाला. कोकणातल्या सड्यांचा जांभाही याच रीतीने तयार झालेला. तिथली माती आम्ल, लाल, पाणी लगेच सोडणारी, आणि स्फुरद (फॉस्फरस) टाकलं की लोहाशी बांधून ठेवणारी. हवेच्या रेषेत शंभर किलोमीटरही नसेल असा माण तालुका. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. इथे सुटलेलं काहीच फार दूर वाहून जात नाही. सिलिका आणि मॅग्नेशियम जागेवरच राहिल्याने स्मेक्टाइट नावाची फुगणारी-आकसणारी चिकणमाती बनते आणि चुना खाली जाऊन चुनखडीच्या खड्यांच्या रूपात बसतो. खडक सारखाच, पण एका ठिकाणी सामू (pH) साडेपाच, दुसऱ्या ठिकाणी साडेआठ.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. ज्वालामुखीचा प्रदेश म्हणून माती सुपीक, असं सर्रास लिहिलं जातं. जावा बेटावरची जमीन कोवळ्या राखेची आहे. आपल्याकडे राख नाही, कोट्यवधी वर्षांचा कातळ आहे. काळ्या रंगाचा अर्थ भरपूर सेंद्रिय कर्ब असाही नाही. आपल्या काळ्या जमिनीत तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. थोडासा कर्ब स्मेक्टाइटला घट्ट चिकटल्याने रंग गडद दिसतो. नत्र, जस्त आणि चुनखडीच्या जमिनीत लोह यांची ओढाताण तिथे कायमची.

उतारावरचा क्रमही यातूनच येतो. वरच्या माळावर माती तयार होते, पण थांबत नाही. प्रत्येक वळवाच्या पावसात बारीक कण खाली जातात आणि मुरूम उघडा पडतो. मधल्या टप्प्यावर आवक-जावक बरोबरीची, म्हणून हातभर जमीन. खालची भारी काळी बहुतांशी वरून वाहून आलेली आहे, तिथल्या खडकाची नव्हे. म्हणूनच एखाद्या बांधाच्या वर दोन मीटर काळी आणि खाली वीतभर, असं चित्र दिसतं.

तपासणी कशी करायची

लावणीचा विचार करण्याआधी प्रत्येक टप्प्यावर एक खड्डा घ्या: दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, दीड मीटर खोल किंवा पहार वाजेपर्यंत. एक भिंत सुरीने ताजी खरवडा आणि वरून खाली वाचत जा. मुळं कुठे थांबली? भारी काळीत साधारण 50 सेंटिमीटरखाली तिरके, चकाकणारे, घासल्यासारखे पृष्ठभाग दिसतील. माती फुगताना स्वतःवरच घासते त्याच्या या खुणा आहेत. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे (10 टक्के, हातमोजे घालून) थेंब दर वीतभर अंतरावर टाका. वरपासूनच जोरात फेस आला तर डाळिंब, द्राक्ष, संत्रा यांत पानं पिवळी पडण्याची तयारी ठेवा. फेस 60-70 सेंटिमीटरखाली आला तर चिंता कमी.

दुसरी तपासणी निचऱ्याची. 30 सेंटिमीटर रुंद आणि तितकाच खोल खड्डा भरा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा भरून तासाला पातळी किती उतरते ते मोजा. पहिलं भरणं कधीच धरू नका. कोरड्या काळीत भेगांतून पाणी भसाभस जातं आणि जमीन निचऱ्याची वाटते. भेगा मिटल्या की तीच जमीन तासाला एक मिलिमीटरसुद्धा घेत नाही. या एका चुकीवर कितीतरी बागा गेल्या आहेत.

तिसरी चोपणाची, आणि ती घरी होते. वाळलेलं, तुरीच्या दाण्याएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा शुद्ध पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. दोन तासांनी बघा. ढेकूळ नुसतं विरघळून ढीग झाला आणि पाणी स्वच्छ राहिलं तर सोडियमचा त्रास नाही. ढिगाभोवती दुधासारखं वलय पसरलं तर आहे. विहिरीच्या पाण्यात ही तपासणी फसते, कारण क्षार असले की चिकणमाती पसरत नाही आणि खराब जमीनही चांगली दिसते.

वरचा माळ आणि डाळिंब

डाळिंबाला तुमचा मुरमाड टप्पा योग्य, पण मुरूम कुजलेला हवा. 60 × 60 × 60 सेंटिमीटरचा खड्डा घेताना तळाला पहार खणखणीत वाजली आणि ठिणगी उडाली, तर तिथे पाषाण आहे. तो खड्डा पावसाळ्यात टाकी बनतो, मुळं कुजतात आणि रोप मर रोगाने मेलं असं आपण म्हणतो. तळ फोडून खालच्या बाजूला चर काढून द्या, किंवा ती ओळ सोडा. भारी काळीत डाळिंब लावू नका. पहिली तीन वर्षं झाड जोमदार दिसतं, नंतर मुळाशी हवा नसल्याने मर लागते.

30 सेंटिमीटर मुरमाड जमीन पिकाला उपयोगी असं जेमतेम 30-40 मिलिमीटर पाणी धरते. उन्हाळ्यात रोजची गरज 5 मिलिमीटर धरली तर आठवडाभराचा साठा. एक मीटर काळी जमीन 150 ते 200 मिलिमीटर धरते. रब्बी ज्वारी एकाही पाण्याशिवाय येते ती या साठ्यावर. म्हणून माळावर रोज किंवा दिवसाआड थोडं थोडं ठिबक, आणि खालच्या काळीत थांबून थांबून जास्त. दोन्हीकडे एकच वेळापत्रक लावलं तर एक बाग सुकते आणि दुसरी गुदमरते.

गाळ टाकायचा तर हिशोब आधी. एकरावर 10 सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे 405 घनमीटर, साधारण 143 ब्रास. 10 सेंटिमीटरच्या वर जाऊ नका, आणि टाकल्यावर कुळवाने वरच्या 15-20 सेंटिमीटर मुरमात मिसळा. नुसता पसरून ठेवला तर चिकण थर वर, भरड थर खाली असा सांधा राहतो. वरचा थर पूर्ण भिजेपर्यंत पाणी खाली उतरत नाही आणि मुळंही वरच फिरतात. तळ्याच्या कुठल्या भागातला गाळ आहे तेही बघा. भिंतीजवळचा सगळ्यात बारीक, तोंडाकडचा वाळूमिश्रित. माळाला मधला बरा. ग्लासची तपासणी गाळालाही लावा. नाहीतर चोपण विकत घेतल्यासारखं होईल.

मधल्या टप्प्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ती तुमची सगळ्यात चांगली जमीन आहे. तिथे घर बांधू नका, एवढंच. घर माळावर, मुरमावर बांधा. भारी काळीत पाया घ्यायचीच वेळ आली तर भेगा जातात त्याच्या खाली, घट्ट मुरमापर्यंत उतरावं लागतं. अर्धवट पाया दरवर्षी वर-खाली होतो आणि दारं अडकू लागतात.

ओढ्याकाठचं चोपण

रासायनिक खतांमुळे चोपण झालं, असं ऐकू येतं. तुमच्याकडे कारण मुख्यतः जागेचं आहे. वरच्या उतारावर खडक कुजताना कॅल्शियम, सोडियम आणि बायकार्बोनेट पाण्यात उतरतात आणि जमिनीखालून ओढ्याकडे येतात. तळाला जमीन सपाट, पाणी उथळ, ऊन कडक. पाणी उडून जातं तसं कॅल्शियम आधी चुनखडी होऊन बसतं. सोडियम विद्राव्य राहतं आणि चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियमची जागा घेतं. कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रं बुजतात, पाणी वरच तुंबतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा हे याचंच मोठं रूप. वरच्या बाजूला पाटपाणी किंवा बेसुमार मोकाट पाणी सुरू झालं की ही प्रक्रिया वेग घेते. माणूस कारणीभूत ठरतो तो इथे.

प्रयोगशाळेतून विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी (मातीच्या कणांनी धरलेल्या धन आयनांत सोडियमचा वाटा) मागून घ्या, नुसत्या सामू आणि क्षारतेवर थांबू नका. पुस्तकात 15 टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. स्मेक्टाइटच्या भारी काळीत 5 टक्क्यांनाच निचरा बिघडू लागतो, हे पूर्णा खोऱ्यातल्या, म्हणजे याच खारपाणपट्ट्यातल्या अभ्यासातून दिसलेलं आहे. त्यामुळे 8 टक्के असताना जमीन चांगली आहे असा शेरा आला तर मानू नका.

जिप्सममधलं कॅल्शियम कणांवरच्या सोडियमला हटवतं. त्याचा हिशोब असा: वरच्या 15 सेंटिमीटरमधून 100 ग्रॅम मातीमागे 1 मिलिइक्विव्हॅलंट (अहवालात आयन मोजायचं एकक) सोडियम काढायला एकरी सुमारे 0.7 टन शुद्ध जिप्सम लागतं. धन आयन विनिमय क्षमता (माती एकूण किती धन आयन धरते, याच एककात) 50 आणि सोडियम 16 टक्के असेल, तर 5 टक्क्यांवर आणायला 50 चे 11 टक्के म्हणजे 5.5 मिलिइक्विव्हॅलंट काढायचे. 5.5 गुणिले 0.7, म्हणजे एकरी साधारण 3.8 टन. जिप्सम 80 टक्के शुद्ध असेल तर पावणेपाच टन. एकरी चार-पाच पोती टाकून फरक का पडत नाही, ते या आकड्यात आहे. खर्च दोन-तीन वर्षांत विभागून द्या. जमिनीत मोकळा चुना भरपूर असेल तर गंधकही चालतं, जिप्समच्या साधारण एक-पंचमांश वजनाने. मात्र जिवाणूंकडून त्याचं आम्ल व्हायला ओल आणि काही महिने लागतात.

पण आधी चर. शेताच्या वरच्या कडेला एक मीटरभर खोल चर काढून उतारावरून येणारं पाणी अडवून ओढ्यात सोडा, आणि शेतातून खालच्या बाजूला दुसरा. सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नसेल तर जिप्सम वाया जातं. मे अखेरीस जिप्सम पसरून वरच्या 10-15 सेंटिमीटरमध्ये मिसळा, खोल नांगरट नको, खालची जास्त खराब माती वर येते. पावसात धैंचा हे हिरवळीचं पीक घेऊन फुलोऱ्याआधी गाडा. आणि तिथल्या बोअरचं पाणी तपासा: शिल्लक सोडियम कार्बोनेट (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्त असलेलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) लिटरला 2.5 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर एका हाताने जिप्सम आणि दुसऱ्या हाताने सोडियम टाकत राहाल.

विहीर

बेसॉल्टमध्ये पाणी खडकाच्या अंगात नसतं. कुजलेल्या भागात, मांजऱ्यात आणि सांध्यांत असतं, आणि तेही थोडं. कुजलेल्या किंवा सच्छिद्र बेसॉल्टमधून उपसता येणारं पाणी आकारमानाच्या 1 ते 3 टक्के, सरासरी 2 धरतात. मुरणारा पाऊस खडकानुसार 7 ते 13 टक्के. पाचशे मिलिमीटरमधले 50 मुरले असं धरा. 2 टक्क्यांच्या खडकात 50 मिलिमीटर पाणी म्हणजे पातळी अडीच मीटरने वर. म्हणून दोन दमदार पावसांत विहीर भरते आणि जानेवारीत तळ दिसतो. पाच एकरांखालचं हे वर्षाचं पाणी सुमारे 10 लाख लिटर. एकरी 300 डाळिंबांना उन्हाळ्यात झाडामागे 35 लिटर दिले तर दोन एकरांना रोज 21 हजार लिटर. दीड महिन्याचा खेळ. बागेचं क्षेत्र या आकड्यावरून ठरवा, विहिरीच्या खोलीवरून नको.

खोल न्यायची का, हे विहिरीची कड बघून सांगता येतं. तळ अजून मांजऱ्यात किंवा भेगाळ खडकात असेल आणि उमाळे तळाजवळून येत असतील तर दोन-तीन मीटर जाऊन पाहणं योग्य. तळाला भरीव पाषाण लागलाय आणि उमाळे वरच्या कडेतून पडत असतील, तर खाली जाऊन फक्त हौद मोठा होतो. आवक तेवढीच राहते. तेव्हा तळ सोडून त्या उमाळ्यांच्या पातळीवर, डोंगराच्या बाजूला आडवी बोअर मारलेली बरी. लाल थर लागला तर काळजी घ्या. त्याच्या वर पाणी साठलेलं असतं, पण तो ओला होऊन फुगतो आणि ढासळतो. विहिरीत तिथे बांधकाम लागेल, बोअरमध्ये त्याच्याखाली घट्ट खडकापर्यंत केसिंग (संरक्षक पाइप) न्यावी लागेल, नाहीतर पंप मातीत अडकतो.

ओढा खोल करण्याबाबतही नियम तोच. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला ओढे खोल करून पाणी वाढलं म्हणून इथे होईल असं नाही. त्या तालुक्यात तापीच्या गाळाचा जाड थर आहे, तुमच्याकडे आडवा कातळ. ओढ्याचा गाळ आणि सैल मुरूम काढा, मांजऱ्या लागला की थांबा. त्याच्या खाली जेसीबी आणि ब्रेकर लावून पाषाणात गेलात तर पाणी मुरणार नाही, आणि मधला सच्छिद्र थर आरपार कापला गेला तर काठावरच्या विहिरींतलं पाणी उलट ओढ्यात उतरेल. ते तपासायला दिवाळीनंतर ओढ्यातल्या पाण्याची पातळी आणि शेजारच्या दोन विहिरींची पातळी एकाच दिवशी मोजा. विहिरींची पातळी ओढ्यापेक्षा वर असेल तर तिथे खोदकाम करायचंच नाही. बंधारा घालायचा असेल तर वर, माळाच्या खालच्या टप्प्यावर घाला.